रोपांची रात्र

धाकटीच्या खोलीत संध्याकाळी उजाडायचं आणि सकाळी मावळायचं. घरच्यांच्या ते अंगवळणी पडायला बरेच दिवस गेले. थोरली जाऊ तर सुरुवातीला रोज जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली हाक मारायची, "काय गं, उठवलंस का तुझ्या लेकरांना?"

"उठवलं!" धाकटी खालून ओरडायची. "आता तुम्ही तुमची झोपवा!"

खोली जिन्याखालची. लांबोडकी, बिनखिडकीची, आजवर मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बादल्या पोटात घेऊन बसलेली. धाकटीनं ती रिकामी केली, भिंतींना चुना मारला आणि तीन लोखंडी मांडण्या उभ्या केल्या. प्रत्येक फळीच्या वर एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, फळीवर ट्रे, ट्रेच्या खणाखणात टोमॅटोचं एकेक रोप. तिचा नवरा वायरमन. परगावच्या मोठ्या कामावर जाण्याआधी सगळं वायरिंग तोच करून गेला होता. दिवे लाल आणि निळे, त्यामुळे खोलीभर गुलाबी-जांभळा उजेड भरून राहायचा. दाराच्या फटीतून तो बोळात सांडायचा आणि येणारे-जाणारे विचारायचे, "आत नाटकाची तालीम चाललीय का?"

थोरलीनंही एकदा विचारलं होतं, "साधा पांढरा बल्ब लावला असतास तर रोपं रुसली असती का?"

"रुसली नसती. पण पान हिरवं का दिसतं माहितीये? हिरवा उजेड ते पुरता गिळत नाही, थोडा परत टाकतं. लाल आणि निळा मात्र चाटूनपुसून खातं. मग जे जास्त आवडीनं खाल्लं जातं तेच जास्त वाढायचं."

"म्हणजे आपल्या टिटवीसारखंच. भात थुंकते आणि साखर चाटते."

टिटवी म्हणजे धाकटीची आठ महिन्यांची लेक. नाव वेगळं होतं, पण ती रडायला लागली की चार घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून आजोबांनी तिचं हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

आजोबा म्हणजे आप्पा, धाकटीचे सासरे. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. धाकटी सकाळी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला जायची ती दुपार कलल्यावर परतायची. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पोरीला कोण बघणार यावर घरात चर्चासत्र भरलं. आप्पांनी ते एका वाक्यात मोडलं. "अख्ख्या गावाची घड्याळं सांभाळली मी. एक पोर सांभाळता येणार नाही होय?"

खोलीचा निवाडाही आप्पांनीच केला होता. धाकटीच्या मोठ्या दिरांचं, भाऊजींचं, रंगांचं दुकान होतं आणि त्यांना डबे ठेवायला जागा हवी होती. जिन्याखालची खोली रिकामी झालेली बघून त्यांचेही डोळे तिच्यावर गेले. जेवताना दोघांचं जुंपलं. आप्पांनी ताटावरून हात उचलला न् म्हणाले, "हे बघा. ती काचघरवाली बाई हिची रोपं बघायला येणार आहे ना? तिनं रोपं घेतली तर खोली हिची. नाही घेतली तर तुझी. आता जेवू द्या मला."

काचघरवाल्या बाई म्हणजे मोठं प्रकरण. शहराबाहेर त्यांची काचेची लांबच लांब घरं होती. त्यांत बारमाही टोमॅटो लागायचे आणि दर हंगामाला ढिगानं रोपं लागायची. बाईंना रोप पसंत पडलं तर पुढची वर्षानुवर्षं काम. धाकटी शेतकी शिकलेली होती. लग्न, पोर, मिळेल ती नोकरी यांत ते शिक्षण माळ्यावरच्या पेटीत जाऊन बसलं होतं. ही खोली म्हणजे त्या पेटीचं झाकण उघडणं होतं. ती गेली तर पुन्हा कधी उघडेल याची तिला अजिबात खात्री नव्हती.

तिनं बेत नीट आखला होता. खोलीला खिडकी नाही. दिवसा वरून तापते, त्यात दिवे लावले तर भट्टीच. म्हणून रोपांचा दिवस संध्याकाळी सुरू करायचा. ती कामावरून आली की दिवे लागायचे. रात्रभर जळायचे. सकाळी ती कामावर निघाली की मालवायचे. मग दिवसभर, ती परत येईपर्यंत, रोपांची रात्र. हे सगळं टायमर करायचा. दाराशेजारी भिंतीवर बसवलेली ती पांढरी डबी टिकटिक करायची. आप्पांना ती फार आवडायची. "या घरात माझ्यानंतर वेळेवर चालणारी एवढीच एक वस्तू," ते म्हणायचे.

बी छान उगवलं. दोन पानं, चार पानं. धाकटी रोज संध्याकाळी टिटवीला मांडीवर घेऊन ट्रेसमोर बसायची आणि एकेक रोप निरखायची. पण त्या जांभळ्या उजेडाची एक खोड होती, आणि तीच तिला भोवली. त्यात पान हिरवं दिसतच नाही. काळं दिसतं. निरोगी पान काळं आणि आजारी पानही काळंच. ती रोज बघत होती आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

दिसलं ते स्वयंपाकघरात. एक ट्रे गळायला लागला म्हणून तिनं तो उचलून वर आणला आणि मोरीशेजारी ठेवला. थोरली भांडी विसळत होती. तिनं वळून बघितलं.

"अगं बाई! यांना कावीळ झालीय का?"

धाकटीनं खाली बघितलं. पानांवर शिरांच्या मधून पिवळे डाग पडले होते. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान मेणचट. कडा आत वळलेल्या. ती धावत खाली गेली, दुसरा ट्रे आणला, तिसरा आणला. सगळ्यांचं तेच.

त्या दिवसापासून घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. थोरली म्हणाली, उपाशी आहेत, खाऊ घाल. आप्पा घाईघाईनं म्हणाले, "हो हो, खाऊच घाल." भाऊजी दाराशी येऊन डोकावले आणि म्हणाले, "पिवळा रंगही वाईट नसतो. उठाव आहे त्याला."

"तुम्ही तुमच्या डब्यांशी बोला, भाऊजी," धाकटी म्हणाली.

तिनं पाण्यातलं खत वाढवलं. पानांच्या कडा करपल्या. मग तिला वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून दिव्यांच्या पट्ट्या खाली घेतल्या. वरची पानं आणखी फिकटली. एका संध्याकाळी टिटवीला पाजता पाजता तिच्या लक्षात आलं की आपण रडणाऱ्या पोरासमोर घाबरलेल्या नव्या आईसारखं करतोय. दूध दे, पाणी दे, खुळखुळा दे, उचल, झुलव, सगळं एकदम. मग पोर कशानं गप्प झालं तेही कळत नाही आणि कशानं बिघडलं तेही.

"बास," ती टिटवीला म्हणाली. "आता एका वेळी एकच."

तिनं खत पूर्वीसारखं केलं, पट्ट्या पूर्वीच्या उंचीला नेल्या. पाणी तर ती रोजच तपासायची, ते तिचं पोटापाण्याचंच काम. पाण्यात काही नव्हतं. मुळं बघितली, पांढरीशुभ्र. कीड नाही, बुरशी नाही. मग तिनं एक पान खुडून बोटांत धरलं. जाडसर लागलं. दुमडायला गेली तर कट्कन मोडलं. हे उपाशी पोराचं अंग नव्हे. हे लग्नघरी पंगतीवर पंगती झोडून लोळत पडलेल्या पाहुण्याचं अंग.

आणि तिचं डोकं चालायला लागलं. पान उजेडात साखर करतं. सगळी लगेच खर्चत नाही, उरलेली पिठासारखी साठवून ठेवतं. अंधार झाला की ते पीठ हळूहळू मोडतं आणि त्याची साखर खोडाला, मुळांना, कोवळ्या शेंड्याला पाठवतं. म्हणजे दिवस कमवायचा आणि रात्र वाटायची. ज्या पानाला वाटायला वेळच मिळत नाही त्याचं कोठार फुगत जातं. काही पिकं हे सोसतात. टोमॅटो सोसत नाही.

पण वेळ मिळत नाही कसा? दिवसभर तर अंधार आहे!

ताडून बघायला तिनं एक साधीच गोष्ट केली. शाळेत सगळ्यांनीच केलेली. संध्याकाळी दिवे लागण्याच्या जरा आधी काही पानं खुडली. त्या वेळी पान रिकामं असायला हवं, कारण अख्खी रात्र उलटून गेलेली असते. ती पानं तिनं गरम पाण्यात बुडवून मग प्रयोगशाळेतून आणलेल्या स्पिरिटमध्ये ठेवली. स्पिरिटचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून त्यांचा हिरवा-पिवळा रंग उतरवला आणि वर आयोडीनचे थेंब टाकले. पीठ नसेल तर पान तपकिरी राहतं. असेल तर काळं-निळं होतं.

थोरली शेजारी उभी होती. "काय होणारे?"

"झोपली असतील तर काही नाही."

पान काळंठिक्कर पडलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, शाईत बुडवल्यासारखं.

"झोपली नाहीत," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "वहिनी, ही रोपं कित्येक दिवसांत झोपलेलीच नाहीत. दिवसा खाली कुणीतरी दिवे लावतंय."

तिनं टायमर बघितला. काटा जिथल्या तिथे. आतल्या खुंट्या जिथल्या तिथे. मग तिची नजर आपसूक थोरलीकडे गेली. दिवस ओलसर होते, टिटवीची लंगोटं वाळत नव्हती आणि खाली दिव्यांची छान ऊब होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" थोरलीनं हातातलं फडकं आपटलं. "तुझ्या पोरीचे कपडे मी इस्त्रीनं वाळवते, इस्त्रीनं! हात भाजून घेतलाय, बघ. आणि माझ्यावर संशय?"

"वहिनी, मी फक्त बघितलं."

"तुझं बघणं मला कळतं. पोरगी शिकलेली ना तू, मग आधी पुरावा आण आणि मग डोळे वटार."

पुरावा आणायला धाकटीनं दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. घरात कुणालाच सांगितलं नाही. नेहमीसारखी निघाली, नेहमीसारखी टिटवीची पापी घेतली, आणि दिवस पुरता चढलेला असताना परत येऊन मागच्या दारानं बोळात शिरली.

जिन्याखालच्या दाराच्या फटीतून जांभळा उजेड सांडत होता.

आतून आवाज येत होता. आप्पांचा. ते गाणं म्हणत नव्हते, कारण गाणं त्यांना येतच नव्हतं. ते घड्याळाचे भाग सांगत होते. "…आणि मग येतं बॅलन्स चाक. ते डावीकडे जातं, उजवीकडे जातं. डावीकडे, उजवीकडे. त्याच्यावर असते केसासारखी स्प्रिंग. तिला हात लावायचा नाही, कळलं का टिटूबाई…"

धाकटीनं दार लोटलं. मांडण्यांच्या मध्ये आप्पा खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि त्यांच्या छातीवर टिटवी पालथी झोपली होती. तोंड उघडं, आप्पांच्या सदऱ्यावर लाळेचा मोठा डाग. दोघांवर तो नाटकातला उजेड. टिटवी दिवसा अशी गाढ झोपलेली धाकटीनं जन्मापासून पाहिली नव्हती. ती एक क्षण सगळं विसरून बघतच राहिली. मग तिची नजर टायमरकडे गेली. डबीच्या कडेची छोटी खुंटी वर केलेली होती. तशी केली की टायमर बाजूला राहतो आणि दिवे सरळ लागतात. निघताना ती पुन्हा खाली केली की कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. घड्याळजीच्या बोटांना तर हे झोपेतही जमलं असतं.

"आप्पा."

"श्श!" ते डोळे न उघडता म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय—" आणि मग त्यांनी डोळे उघडले.

धाकटीनं खुंटी खाली केली. खोली अंधारात बुडाली. मांडण्यांवरचे पंखेही त्याच तारेवर होते. त्यांची घरघर थांबली. टिटवीनं एक श्वास घेतला, दोन घेतले आणि तिसऱ्याला तिनं आपलं नाव सार्थ केलं.

"बघ!" आप्पा अंधारातून म्हणाले. "बघ, हे असं होतं!"

वर स्वयंपाकघरात आल्यावर ते खुर्चीत बसले आणि हातांकडे बघत राहिले. टिटवी धाकटीच्या खांद्यावर हुंदके देत होती. थोरली कमरेवर हात ठेवून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर 'आणलास पुरावा?' असं लिहिलेलं होतं, पण आप्पांना बघून तिनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मला वाटलं, थोडं जास्त जेवतील," आप्पा म्हणाले. "जास्त जेवून कुणी वाईट होतं का? आणि ती पिवळी पडली तेव्हाही मला वाटलं, भुकेनंच…"

"पण मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? पोर माझ्याकडे क्षणभर गप्प राहत नाही म्हणून? छताकडे बघत सकाळभर किंचाळते म्हणून?" त्यांनी टिटवीकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून घरी बसली असतीस. खोलीही सोडली असतीस. ओळखतो मी तुला."

आणि खरंच तसं झालं असतं.

"मग आता काय?" थोरली म्हणाली. आवाज मऊ होता. "पोर खाली झोपते आणि खाली झोपली की रोपं मरतात. सोडून दे गं. यांना डबे ठेवू देत. पोर मोठी झाली की बघ पुन्हा."

टिटवीची रडून कढत झालेली मान धाकटीच्या गालाला लागली होती. सोडून देणं फार सोपं होतं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली असती. तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सोडायचं नाही," ती म्हणाली. "आप्पा, ही खाली कशानं झोपते?"

"उजेडानं. आणखी कशानं? रंगीत आहे, बघत बसते आणि पेंगते."

"तुम्ही बघितलंत का वेगळं करून? खाली उजेड आहे, ऊब आहे, पंख्यांची घरघर आहे, तुमचं बॅलन्स चाक आहे. एका वेळी एकच काढू."

"पोरीवर प्रयोग करणार?" थोरलीनं कपाळाला हात लावला.

"रोपांवर केला तर पोरीनं काय पाप केलंय!"

दुसऱ्या दिवशी सुटी होती. रोपांची रात्र मोडायची नाही म्हणून धाकटीनं जांभळ्या पट्टीचा एक सुटा तुकडा वरच्या खोलीत आणून भिंतीला टांगला. आप्पा त्याच्यासमोर टिटवीला घेऊन बसले, घड्याळाचे सगळे भाग सांगून झाले, पहिल्यापासून पुन्हा सांगून झाले. टिटवीनं दिव्याकडे टक लावून बघितलं आणि भोकाड पसरलं. मग दिवा काढला. धाकटीनं फळीवरचा जादा पंखा वर आणला, भिंतीकडे तोंड करून लावला. वारा नको, नुसता आवाज. ती लोखंडी, जराशी खरखरीत घरघर खोलीभर पसरली. टिटवीचं रडणं मध्येच अडखळलं. तिनं मान वळवली. आप्पांनी तिला छातीवर घेतलं आणि म्हणाले, "तर मग, बॅलन्स चाक…"

डावीकडे-उजवीकडे होईपर्यंत ती झोपली होती.

"पंखा!" आप्पा कुजबुजले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "एवढे दिवस मी त्या गुलाबी अंधारात वर्तमानपत्र न वाचता बसलो, आणि पंखा!"

थोरली तोंडात पदर कोंबून हसत बाहेर पळाली.

खालच्या टायमरची खुंटी धाकटीनं चिकटपट्टी लावून बंद केली. आता रोपांना रात्र मिळायला लागली. बाईंना यायला जेमतेम पंधरवडा उरला होता. नव्यानं पेरायला तेवढा वेळ पुरणार नव्हता. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत हे तिला माहीत होतं. उरला फक्त शेंडा. रोज संध्याकाळी ती एक ट्रे वर आणायची आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या दिव्याखाली शेंडे बघायची. काही दिवस काहीच दिसलं नाही. मग एका संध्याकाळी थोरलीच म्हणाली, "इकडे ये. हे पान बघ. नवं आहे ना हे?"

नवं होतं. लहान, सुरकुतलेलं आणि हिरवंगार. मधे एक डाग नाही.

धाकटीनं पुन्हा पानं खुडली, पुन्हा आयोडीन टाकलं. यावेळी पानं तपकिरी राहिली. कुठेतरी एखादी काळी रेघ, बस. तिनं ती बशी आप्पांसमोर नेऊन ठेवली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झोपली."

बाई यायच्या त्या दिवशी धाकटीनं पुन्हा रजा घेतली. नव्या पानांचे दोन मजले चढले होते, पण खालची पिवळी पानं तशीच लोंबत होती. तोडून टाकावीत तर खोड उघडं पडणार आणि डोळे असणाऱ्याला लगेच कळणार. थोरली सकाळपासून घुटमळत होती. शेवटी तिनं धाकटीला कोपऱ्यात घेतलं.

"ऐक. बाईंना खालीच ने. दिवे लाव. त्या उजेडात पिवळं काय नि हिरवं काय, सगळं काळंच. तुलाच इतके दिवस दिसलं नाही, तर त्यांना काय दिसणारे?"

धाकटीच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. पहाटे डोळे उघडल्यापासून तेच येत होतं. रोपं जगणार होती, फळणार होती, हे ती छातीठोक सांगू शकत होती. मग चार पानं लपवली तर काय? पण काचघरात लख्ख ऊन पडणार. तिथे पहिल्याच दिवशी दिसणार. आणि बाई पुन्हा तिच्या दारात येणार नाहीत.

"नाही वहिनी. ट्रे उचलायला हात लावा. अंगणात न्यायचे."

सगळे ट्रे अंगणात मांडून झाले तेव्हा दोघी घामाघूम झाल्या होत्या. उन्हात ती पिवळी पानं इतकी डोळ्यांत भरत होती की धाकटीला मान फिरवावीशी वाटली. भाऊजी दुकानात न जाता ओट्यावर येऊन उभे राहिले. आप्पा टिटवीला घेऊन दारात.

काचघरवाल्या बाई ठेंगण्या, रापलेल्या, नखांत माती असलेल्या होत्या. चहा नको म्हणाल्या. सरळ ट्रेपाशी उकिडव्या बसल्या.

"खालची पानं कशानं गेली?"

"रात्र मिळाली नाही," धाकटी म्हणाली. "काही दिवस दिवे जवळजवळ चोवीस तास जळत राहिले. खत कमी नव्हतं, रोगही नाही. चूक लक्षात आल्यापासून झोप मिळतेय, त्यानंतरची पानं ही वरची."

"चूक कुणाची?"

"माझी," धाकटी म्हणाली.

"माझी," त्याच वेळी आप्पा दारातून म्हणाले.

बाईंनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "दोघांची चूक म्हणजे कुणाचीच नाही की काय?" त्यांनी एक रोप मातीच्या गड्ड्यासकट अलगद उपसलं, मुळं बघितली. खोड दोन बोटांत धरून हलवलं. शेंडा उलटा करून बघितला. मग दुसरं रोप. मग तिसरं. सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होते. टिटवीसुद्धा.

"खोड बरं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "निळा उजेड चांगला दिलायस, रोप उंच पळालेलं नाही. पण उशीर झालाय याला. हे माझ्या बाकीच्या रोपांच्या मागे पडेल." त्यांनी ट्रे विभागायला सुरुवात केली. हा इकडे, हा तिकडे. "हे एवढे मी नेते. कडेच्या ओळीत लावीन आणि बघीन. हे एवढे नको."

निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

"पुढची खेप?" धाकटीनं विचारलं.

"या ओळीला फुलं कशी धरतात ते बघून बोलू. पण तू पेरून ठेव. नाही पेरलंस तर बोलायला काय राहील?" त्या उठल्या, गुडघे झटकले. "एक बरं केलंस. उजेडात आणून दाखवलंस. मला खोलीत नेलं असतंस तर मी दारातूनच परत फिरले असते. त्या दिव्यांखाली माल दाखवणारे पुष्कळ भेटलेत."

गाडी गेली. अंगणात निम्मे ट्रे उरले. भाऊजींनी घसा साफ केला.

"तर मग अर्धी रोपं गेली. म्हणजे हिशोबानं अर्धी खोली—"

"तुझे डबे अर्ध्या खोलीत ठेवलेस तर उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या वासानं रोपं गुदमरतील," आप्पा म्हणाले.

"मग निवाडा काय?"

हा निवाडा करायचं तोंड आपल्याला राहिलेलं नाही हे आप्पांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. ते धाकटीकडे बघू लागले.

"निवाडा मी सांगते," धाकटी म्हणाली. "बाईंनी रोपं नेली. सगळी नाही, पण नेली. खोली माझी. आणि भाऊजी, पुढच्या खेपेला एक जरी ट्रे अंगणात उरला तर मी स्वतः तुमचे डबे खाली उतरवून देईन."

"लिहून देतेस?"

"ती कशाला लिहून देईल?" थोरली नवऱ्याकडे वळली. "मी ऐकलंय ना? तोवर ठेवा तुमचे डबे आपल्या पलंगाखाली. मी कितीदा सांगितलं, तिथे सगळी जागा रिकामीच आहे."

"पलंगाखाली! मग झोपायचं कसं त्या वासात?"

"ते आता तुम्ही शोधून काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा."

भाऊजींना हसू आलं आणि ते लपवायला ते दुकानाकडे चालू लागले.

धाकटी उरलेले ट्रे झाडायला बसली नाही. ते नंतर होणारच होतं. ती खाली गेली. खोलीत रोपं नव्हती तरी वेळ रोपांच्या रात्रीचीच होती, म्हणून तिनं दिवे लावले नाहीत. दार तेवढं उघडं ठेवलं आणि उंबऱ्याशी, बोळातून येणाऱ्या उजेडात, फतकल मारून बसली. एका जादा, रिकाम्या ट्रेमध्ये तिनं ओली माती भरली, बोटानं खणाखणात खळगा केला आणि बियांची पुडी मांडीवर उघडली. बी इतकं बारीक की चिमटीत येईना. ओल्या बोटाच्या टोकानं उचलायचं, खळग्यात सोडायचं, वर माती लोटायची. पुढचं.

वर टिटवी जागी झाली. आधी कुरकुर, मग हाक, मग तिचा तो खणखणीत सूर. धाकटीचा हात थांबला. अंगात दूध उतरलेलं तिला जाणवलं. वर खुर्ची सरकली, आप्पांची पावलं वाजली, पंख्याचं बटण दाबल्याचा खटका झाला. रडणं थांबलं नाही, पण जरा खाली आलं.

"आलेच गं बाई!" तिनं जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं. मग बोट पाण्यात बुडवलं, पुढचं बी उचललं, आणि ओळ पुरी करूनच उठली.